भिजलेली पैठणी, गाळातली गोधडी : वाचकांचे प्रश्न

पूर ओसरला की आधी घर धुतलं जातं, मग भांडीकुंडी, आणि ट्रंकेतल्या कपड्यांकडे लक्ष जाईपर्यंत तिसरा दिवस उजाडतो. २०१९च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१च्या जुलैत चिपळूण-महाडला किती घरांत हेच झालं असेल. या वेळी सदराकडे आलेले बहुतेक प्रश्न पाण्यात गेलेल्या जुन्या कापडांचे आहेत, म्हणून तेवढेच घेतले आहेत. रोजच्या कपड्यांना यातलं काही लागू नाही. ते नेहमीसारखे धुवा, वाळवा आणि मोकळे व्हा. पुन्हा मिळणार नाहीत अशा कापडांसाठीच हा खटाटोप आहे.

प्रश्न : आजेसासूबाईंची पैठणी कपाटाच्या खालच्या खणात घडीतच भिजली. डाळिंबी रंग काठाकडे उतरायला लागलाय. उलगडायची कशी? आणि काठा-पदरातली जर काळी पडेल का? (सांगली)

आधी ती नीट उचलायची. रेशीम ओलं झालं की त्याची ताकद साधारण पाचवा हिस्सा कमी होते, आणि जुनं रेशीम मुळात थकलेलं असतं. त्यात पैठणीचा पदर जरीने भरलेला, म्हणून जड, आणि अंगाचं कापड त्या मानाने पातळ. घडी दोन हातांत धरून उचलली की पदराचा भार पदर आणि अंग जिथे मिळतात त्या रेघेवर येतो आणि साडी तिथेच फाटते. म्हणून घडीखाली मच्छरदाणीची नायलॉनची जाळी हळूहळू सरकवा, जाळीखाली प्लायवूडचा तुकडा किंवा मोठा ट्रे घाला आणि सगळं एकदम उचला. भिजलेलं कापड पुढेही जिथे न्यायचं तिथे असंच, पाटावर बसवल्यासारखं न्यायचं.

टेबलावर प्लास्टिक, त्यावर पांढरा टर्किश टॉवेल, त्यावर जाळीसकट साडी. वरून दुसरा टॉवेल ठेवून तळहाताने दाबा. पिळायचं नाही, चोळायचं नाही. टॉवेल पांढराच हवा, म्हणजे कुठला रंग सुटतोय ते लगेच दिसेल. तुमच्याकडे डाळिंबी सुटतोच आहे, तेव्हा ही साडी पाण्यातून काढण्याचा विचार सोडा. प्रत्येक नव्या पाण्यात आणखी रंग उतरेल आणि जिथे पांढरं-मोतिया रेशीम असेल तिथे जाऊन बसेल. आता धडपड एकच: घडीचे थर एकमेकांपासून वेगळे करायचे आणि लवकर वाळवायचे.

एकेक घडी उघडत जा आणि दोन थरांमध्ये धुवट मांजरपाटाची पट्टी घाला. कोरं मांजरपाट नको. त्यात खळ असते, पाणी नीट शोषलं जात नाही. दोन-तीनदा धुऊन मऊ झालेलं घ्या. पहिल्या तासात दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्टी बदलायची, कारण ओली पट्टी तशीच राहिली तर तिने शोषलेला रंग ती परत साडीला देते. थर चिकटलेले असतील तर ओढू नका. पुस्तकाला घालतात तसल्या गुळगुळीत प्लास्टिकचा तुकडा थोडा ओला करून दोन थरांत सरकवला की ते सुटतात. वरचा थर प्लास्टिकला चिकटून अलगद उलटतो, आणि भार प्लास्टिकवर राहतो, कापडावर येत नाही.

रंग पक्का करायला मीठ किंवा व्हिनेगर घालावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. जरीच्या साडीला दोन्ही नको. मिठाने रंग धरून राहत नाही, उलट त्यातलं क्लोराइड तांब्याला खातं. व्हिनेगरने रेशमावरचे काही रंग थोडे आवरतात हे खरं, पण जरीतल्या तांब्यालाही ते सोडत नाही.

जर काळी पडणं हे ती कसली आहे त्यावर आहे. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. पुराच्या गाळात गंधकाचे वायू असतात आणि त्यांनी चांदी करडी-काळी पडते. तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली जर असेल तर आजूबाजूच्या कापडावर हिरवट छटा दिसू लागते. ती दिसली तर ती साडी रांगेत सगळ्यात पुढे घ्या, कारण ओल आहे तोवर तांबं कुजत राहतं. वरची तार कोरडी वाटली तरी आतला धागा सगळ्यात शेवटी वाळतो हेही लक्षात असू द्या. काळी पडलेली जर चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांपैकी कशानेही घासू नका. मुलामा इतका पातळ असतो की काळेपणाबरोबर तोही जातो. आणि इस्त्री तर नकोच. ओल्या जरीवर इस्त्री फिरली की तार चेपते आणि उतरलेला रंग जागच्या जागी पक्का होतो.

उतरून वाळलेला रंग घरी निघत नाही. तो डाग तसाच ठेवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र, लखनौची सांस्कृतिक संपदा संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा किंवा वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेचे संवर्धक यांच्याकडे साडी दाखवताना काहीच न केलेला डाग हा अर्धवट धुतलेल्या डागापेक्षा कधीही बरा.

प्रश्न : आजीने शिवलेल्या दोन गोधड्या गाळाने माखल्या आहेत, अजून ओल्याच आहेत. वॉशिंग मशीनला टाकल्या तर? (चिपळूण)

मशीनमध्ये नको. सुकी तीन किलोंची गोधडी भिजली की सहज आठ-नऊ किलोंची होते, आणि ड्रम फिरला की सगळं वजन धावदोऱ्यावर येतं. टाके तुटतात, आतले जुने थर एका कोपऱ्यात गोळा होतात.

गाळ ओला आहे हे चांगलंच आहे. तो वाळू देऊ नका. वाळलेला गाळ धाग्यांच्या आत घट्ट बसतो आणि नंतर प्रत्येक हालचालीत बारीक रेती पॉलिश पेपरसारखी धागे कापते.

हातमोजे आणि गमबूट घालूनच कामाला लागा. पुराच्या पाण्यात सांडपाणी आणि उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, आणि लेप्टोची भीती कोकणात नव्याने सांगायला नको. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्या.

आता रंगाची चाचणी, आणि गोधडीत ती जास्त काटेकोरपणे करावी लागते, कारण आतल्या थरात कुठली साडी आहे हे वरून कळत नाही. एखादी काळी चंद्रकळा किंवा इरकलीचा लाल पदर आत असू शकतो. पाच-सहा ठिकाणी पांढऱ्या सुती कापडाची चौपदरी घडी ठेवा, प्रत्येकीवर दोन-अडीच किलोंचं वजन द्या (पाण्याने भरलेला डबा चालतो) आणि पाच मिनिटांनी बघा. मातीचा तपकिरी डाग येणारच. लाल, निळं, काळं काही आलं नाही तर धुवायला हरकत नाही.

मोरीत किंवा गच्चीवर एक उतरती फळी, तिच्यावर जाळी, जाळीवर गोधडी पसरा. पाणी गार आणि साधं. पाइपचा झोत थेट कापडावर नको. पाणी आधी तळहातावर पडू दे आणि तिथून पसरत जाऊ दे. वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे गाळ वाहवायचा. मऊ स्पंजने टिपल्यासारखं दाबायचं, चोळायचं नाही. एक बाजू झाली की वरून दुसरी जाळी घाला, दोन जाळ्यांमध्ये गोधडीचं सँडविच करा आणि दोघांनी मिळून उलटा. चार-पाच पाण्यांत खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येतं. अगदी नितळ येईपर्यंत धूत बसू नका, जुनं सूत तेवढा वेळ पाण्यात काढण्याच्या लायकीचं नसतं. अर्ध्या तासात आटोपा. शेवटचे आठ-दहा लिटर आरओचं पाणी मिळालं तर उत्तम, कारण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरट डाग मागे राहतात.

साबण लागत नाही. कपड्यांच्या पावडरीत अल्कली असते, चकाकी आणणारी रसायनं असतात आणि बहुतेक पावडरींत प्रथिनं पचवणारी एन्झाइम्सही असतात. त्यांना रेशीम आणि लोकर हेही अन्नच. गोधडीत एखादा रेशमी तुकडा असेल तर त्याचं काय होईल ते सांगायला नको. जंतुनाशक म्हणून ब्लीच घालण्याचा मोह होतो, पण ब्लीचमध्ये रेशीम आणि लोकर अक्षरशः विरघळतात आणि सुती धागा ठिसूळ होतो.

प्रश्न : कोकणातल्या जुलैत काहीच वाळत नाही. दारं-खिडक्या उघडून पंखे लावले, दोन दिवस झाले, कापड ओलंच. आम्ही चुकतोय कुठे? (महाड)

खिडक्या उघड्या ठेवण्यात. बाहेरच्या हवेत आर्द्रता ९० टक्के असेल तर पंखा तीच ओली हवा कापडावरून फिरवत बसतो. बुरशीला एवढंच लागतं: ६५-७० टक्क्यांवरची आर्द्रता, उबदार हवा आणि साधारण ४८ तास. तुमचे दोन दिवस संपले आहेत, तेव्हा आज रात्रीच व्यवस्था बदला.

एक खोली निवडा, लहान असेल तितकी बरी. खिडक्या बंद करा, दाराखालच्या फटीत पायपुसणं अडकवा. खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर, २४-२५ अंशांवर ठेवा. १६ वर नेऊ नका, खोली फार गार झाली की कापडातून पाणी निघण्याचा वेगच मंदावतो. दीड टनाचा एसी अशा दमट दिवसांत तासाला लिटरभर पाणी सहज ओढतो. बाहेरच्या नळीखाली बादली ठेवली तर कापडातून काय निघतंय ते डोळ्यांना दिसतं. घरगुती डीह्युमिडिफायर मिळाला तर त्याहून चांगलं, फक्त त्याची टाकी भरली की तो बंद पडतो, म्हणून रात्री एकदा उठून रिकामी करावी लागते. भिंतीवर काही शे रुपयांचा आर्द्रतामापक लावा. काटा ४५ ते ५५च्या मध्ये आला की समजा खोली कामाला लागली.

पंखे हवेतच, पण त्यांचं तोंड भिंतीकडे. भिंतीवर आपटून पसरलेली हवा सगळीकडे सारखी लागते. थेट झोताने एक भाग आधी वाळतो, ओढला जातो आणि कापड वाकडं होतं. जमीन ओली असेल तर पंख्याची वायर आणि एक्स्टेंशन बोर्ड आधी वर उचलून बांधा.

कापड दोरीवर टांगू नका. ओल्या कापडाचा भार दोरीच्या रेघेवर येतो, आणि त्या रेघेवर मळही साचतो. बाजेच्या किंवा विटांवर ठेवलेल्या चौकटीवर जाळी ताणा, त्यावर कापड सपाट पसरा, म्हणजे खालूनही हवा खेळेल. एकेरी सुती साडी अशा खोलीत रात्रीत वाळते. गोधडीला तीन-चार दिवस लागतात आणि रोज दोनदा उलटावी लागते.

वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, निदान आतल्या थरांचं कळत नाही. त्यासाठी दोन उपाय. स्वयंपाकघरातला किंवा सामानाचा वजनकाटा घ्या आणि बारा तासांच्या अंतराने दोनदा वजन करा. वजन घटत असेल तर पाणी अजून आत आहे. दुसरा उपाय जास्त भरवशाचा: कापड मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत तोच आर्द्रतामापक ठेवा, तोंड बांधा आणि दोन तासांनी काटा बघा. ६५च्या वर गेला तर परत जाळीवर.

वीजच नसेल तर वाळवण्याच्या मागे लागूच नका, वेळ विकत घ्या. मासळीचा नवा थर्माकोलचा खोका आणि बर्फ कोकणात कुठेही मिळतो. ओलं कापड प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत, बर्फ प्लास्टिकच्या बाहेर. गारठ्यात बुरशी मंदावते. बर्फ बदलत राहिलात तर एक-दोन दिवस हाती लागतात, आणि तेवढ्यात घाटावर वीज असलेल्या एखाद्या नातेवाइकाकडे खोका पोचतो.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या छोट्या संग्रहातले चाळीसेक फेटे, शेले, अंगरखे भिजले. एवढे एकदम वाळवणं अशक्य. तासगावकडच्या बेदाण्याच्या शीतगृहात ठेवले तर? (सांगली जिल्हा)

कल्पना बरोबर दिशेने आहे, पण शीतगृह चुकीचं आहे. बेदाण्याचं शीतगृह शून्याच्या वर काही अंशांवर चालतं. तिथे बुरशी मंदावते, थांबत नाही, आणि ओलं कापड आठवडाभर तसंच राहतं. तुम्हाला उणे १८ किंवा त्याखालचं गोठवण हवं, म्हणजे आइस्क्रीम किंवा गोठवलेल्या मासळीचं. फ्रिजच्या डीप फ्रीजरमध्ये एक-दोन फेटे मावतील.

बांधणी अशी करा. जादा पाणी टॉवेलने टिपून घ्या. फेट्यासारखं लांब कापड सैल नागमोडी घड्यांत ठेवा आणि प्रत्येक घडीत बटर पेपर घाला, म्हणजे पुढे थर सुटे राहतील आणि रंग पलीकडे जाणार नाही. मग पॉलिथिनच्या पिशवीत, हवा काढून, तोंड बंद. पिशवीवर मार्करने क्रमांक लिहा आणि वहीत तोच क्रमांक, कापड काय आहे, कुठल्या कपाटातून आलं आणि रंग सुटतोय का ते. चाळीस पिशव्या गोठल्या की सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून ही वही टाळू नका.

गोठलेलं कापड पापडासारखं असतं, वाकवलं तर धागे मोडतात. पिशव्या सपाट ठेवा, एकावर एक चेपू नका. तुमच्याकडे वाळवायला जेवढी जागा आहे तेवढ्याच पिशव्या बाहेर काढा, कारण बर्फ वितळला की ४८ तासांचं घड्याळ पुन्हा चालू होतं. गोठवल्याने बुरशी मरत नाही, झोपते.

गोठवायचं नाही असंही काही असतं: रंगवलेले पट आणि झेंडे (रंगाचा थर तडकतो), काचमणी, आरसे किंवा लाकूड-हस्तिदंत बसवलेली वस्त्रं. ती आधी वाळवायला घ्या. रंगवलेलं कापड रंगाची बाजू वर ठेवून सपाट. त्याच्यावर टॉवेल दाबायचा नाही, रंग टॉवेलला लागून येतो.

आणि अजून एक. जे कोरडं राहिलं ते सगळ्यात आधी त्या इमारतीतून हलवा. ओल्यांच्या गडबडीत कोरडे अंगरखे त्याच दमट खोलीत राहतात आणि चौथ्या दिवशी त्यांनाही बुरशी येते.

प्रश्न : पणजोबांची घोंगडी भिजून चिकट झाली आहे. हा चिकटपणा कसला? (सोलापूर)

खळीचा. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तिनेच तिला ताठपणा येतो. पाण्याने ती सुटून वर येते, आणि बुरशीला ती आयतं जेवण. गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, न हलवता, दोनदा पाणी बदलून काढा. कोमट पाणी, साबण, चोळणं यांपैकी काहीही झालं तर लोकर आटून नमदा होईल आणि परत कधीच पसरणार नाही. जाळीवर सपाट वाळवा. पुन्हा खळ द्यायची गरज नाही. डांबरगोळ्या कसर येऊ नये म्हणून असतात, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही.

प्रश्न : वाळल्यावर साड्यांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसतेय. पुसून काढू? (कोल्हापूर)

बोटाऐवजी काडीने हलकेच टेकवून बघा. ओलसर, लांबट, पसरणारी असेल तर ती जिवंत आहे. तिला हात न लावता आधी वरच्या पद्धतीने पूर्ण वाळवा. ओली असताना पुसली तर बीजाणू धाग्यांत चोळले जातात. कोरडी, भुकटीसारखी झाली की उघड्या जागी, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून व्हॅक्यूमने काढा. कापडावर नायलॉनची जाळी ताणून धरा आणि नळीचं तोंड जाळीच्या वर, कमीत कमी ओढीवर फिरवा. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर हवा. नाही तर पुढून ओढलेली बुरशी मागून खोलीभर उडते. दम्याच्या माणसाने हे काम करू नये.

भुकटी जाईल, डाग राहतील. ते गुलाबी, काळे, पिवळे ठिपके म्हणजे बुरशीने धाग्यात सोडलेला रंग आहे. स्पिरिटने पुसायचा सल्ला सगळे देतात, पण कितीतरी रंग पाण्यात टिकतात आणि स्पिरिटमध्ये सुटतात. स्पिरिट ट्रंक आतून पुसायला वापरा. ऊन दाखवायचं असेल तर सावलीतलं वारं दाखवा. हळदीचा पिवळा रंग उन्हात बघता बघता उडतो.

प्रश्न : बेसमेंटमध्ये पाणी शिरून आईच्या नऊवारी भिजल्या. इथे ड्रायर आहे, ड्रायक्लीनरही आहे. (एडिसन, न्यू जर्सी)

दोन्हीकडे नको. ड्रायरची उष्णता आणि आपटणं जुन्या रेशमाला झेपत नाही, आणि ओलं कापड ड्रायक्लीनिंगच्या द्रावणात घालायचं नसतं. तुमच्याकडे डीह्युमिडिफायर बेसमेंटमध्ये बहुधा आहेच. वरच्या मजल्यावर आणा आणि महाडच्या उत्तरातली खोली तयार करा. हिवाळा असेल आणि हीटिंग चालू असेल तर उलटी काळजी घ्यावी लागेल. आर्द्रता ३०च्या खाली गेली तर जरीचा काठ आणि अंग वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि काठाला चुण्या पडतात. अशा वेळी साडीवर मांजरपाट पसरून वाळण्याचा वेग कमी करा.

प्रश्न : देवळाच्या पालखीची मखमली गादी, जरीकामासकट, आत कापूस. वरून वाळली, पण कडेने तपकिरी रेघ उमटली. (एका देवस्थानाचे विश्वस्त)

ती रेघ आतल्या कापसाने आणली. वरचं पाणी उडत गेलं तसं आतलं पाणी कापसातला पिवळट-तपकिरी अंश आणि धूळ घेऊन कडेकडे सरकलं. जिथे ते उडालं तिथे सगळं टाकून गेलं. कापूस अजून ओला असणार, म्हणजे रेघ आणखी गडद होईल. आज करायचं ते एवढंच: गादीचे चारी बाजूंनी फोटो काढा, मागच्या अस्तराची एक शिवण बारीक कात्रीने उसवा (कापड कापायचं नाही, फक्त टाके) आणि कापूस मुठीमुठीने बाहेर काढा. तो परत भरायचा नाही. पोकळीत धुवट मांजरपाटाच्या सैल गुंडाळ्या घाला, दर दोन-तीन तासांनी बदला. त्या आतून पाणी ओढतील आणि गादीचा आकारही धरतील. मखमलीची लव वरच राहू द्या, तिच्यावर काही दाबू नका. ओली असताना चेपलेली लव परत उभी राहत नाही. काही जरीकामांत मागून खळ लावून कागद किंवा मलमल चिकटवलेली असते. ती सुटलेली दिसली तर काढून टाकू नका, तशीच जागेवर वाळू द्या. आणि उसवलेल्या शिवणीचा दोरा एका पाकिटात जपून ठेवा. नवा दोरा कुठल्या जाडीचा आणि कुठल्या रंगाचा घ्यायचा हे शिवताना त्यावरूनच कळेल.